दाखल्यावर टक्के लिहिले. घराला लागणारी मदत कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी येतात. किती जण आले, किती दाखले झाले, किती साहित्य वाटले, हे आकडे त्यात असतात. चालता न येणाऱ्याला तीनचाकी मिळते, ऐकू न येणाऱ्याला यंत्र मिळते. बौद्धिक दिव्यांग मुलाची आई मात्र एक कागद घेऊन घरी जाते आणि त्यावर 50, 75 किंवा 90 असा आकडा असतो. मुलगा रात्री दोनपर्यंत झोपत नाही, कपड्यातच शी करतो, मनाविरुद्ध झाले की स्वतःचा हात चावतो. त्या आकड्याने यातले काहीच हलत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत या मुलांसोबत काम करणारे आम्ही काही विशेष शिक्षक व पालक मुख्यतः एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहोत. दाखल्याबरोबर घराला कोणती मदत लागेल याचा लेखी आराखडा द्यावा, आणि ती मदत घरी जाऊन शिकवणारे माणूस नेमून द्यावे.

आधी टक्के कसे ठरतात ते सांगतो, कारण पुष्कळ पालकांना ते कोणी सांगितलेलेच नसते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बुद्ध्यांकाची चाचणी होते, पण टक्के बसतात ते 'व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल'वर. याचे भारतीय रूप नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात मालिन यांनी तयार केले. त्यात जन्मापासून 15 वर्षांपर्यंतच्या 89 बाबी आहेत: जेवण, कपडे, फिरणे, बोलणे, कामे, लोकांत वागणे. यात मुलाची परीक्षा होत नाही, माहिती घरच्या माणसाकडून घेतात. त्यातून 'सामाजिक वय' निघते. त्याला खऱ्या वयाने भागून 100 ने गुणतात. मुलगा 12 वर्षांचा आणि सामाजिक वय 6 निघाले तर गुणांक 50. 55 ते 69 म्हणजे सौम्य, दाखल्यावर 50 टक्के. 36 ते 54 मध्यम, 75 टक्के. 21 ते 35 तीव्र, 90 टक्के. 20 किंवा त्याखाली अतितीव्र, 100 टक्के. 70 ते 84 ला 25 टक्के मिळतात, आणि 40 च्या खाली असल्याने बहुतेक योजनांचे दार बंदच राहते.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. गुणांक 54 आणि 55 यांत फरक एका अंकाचा, पण दाखल्यावर तो 25 टक्क्यांचा होतो. एसटीत सोबत्याला सवलत 65 टक्क्यांपासून पुढे आहे. म्हणजे 50 टक्केवाला मुलगा चोपड्याहून जळगावला एकटा जाऊ शकत नसला, तरी त्याच्या आईला पूर्ण तिकीट. दुसरा घोळ प्रश्न विचारण्यात होतो. या मापनात 'नेहमी, न सांगता करतो का' हे पाहायचे असते. शरमेपोटी आई सांगते, 'सगळं करतो'. आणि गुण फुगतात. याउलट लाडाने चौदाव्या वर्षीही आजी भरवत असेल, तर येण्याजोगी गोष्टही 'येत नाही' या रकान्यात जाते. त्यातच भाषेचा अडसर. घरात अहिराणी, पावरी, मावची किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला 'इकडे ये, पाणी आण' म्हटले आणि तो नुसता बघत राहिला, तर ते न समजणे कशाचे? अहिराणीत 'आठे ये, पानी लई ये' म्हटल्यावर तोच मुलगा उठतो. चाचणीच्या दिवशी घरची भाषा बोलणारे कोणी खोलीत असलेच पाहिजे, असा आग्रह पालकांनी धरावा. जाण्याआधी आठवडाभर एका वहीत तीन रकाने करून लिहावे: स्वतःहून करतो, सांगितल्यावर करतो, करूनच द्यावे लागते. जुने केसपेपर, शाळेचा अहवाल, झटके येत असतील तर गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. पाच वर्षांखालील मुलाला 'सर्वांगीण विकासातील विलंब' असा तात्पुरता दाखला मिळतो. पुढे 5, 10 आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी असते. अठरानंतरचा दाखला कायमचा. ही वही तेव्हाही लागते, टाकून देऊ नये.

आता संशोधनाकडे वळतो. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या घरावर ताण कशाचा येतो? सहज उत्तर असे की, दिव्यांगता जितकी तीव्र तितका ताण जास्त. अमेरिकेत बेकर, ब्लाकर, क्रनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांची घरे चौथ्या वर्षापर्यंत पाहिली आणि 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. आईवडिलांच्या ताणाचा संबंध विकासातील विलंबापेक्षा मुलाच्या वागण्याच्या अडचणींशी जास्त लागला. शिवाय ताण दोन्हीकडून वाढतो: वागणे बिघडले की आई थकते, थकलेली आई चिडते किंवा हार मानते, आणि वागणे आणखी बिघडते. पुढच्या कित्येक अभ्यासांत हेच दिसत आले आहे. म्हणजे 50 टक्केवाला पण रात्रभर जागणारा, घरातून पळून जाणारा मुलगा घराला जेवढा थकवतो, तेवढा 90 टक्केवाला शांत मुलगा कदाचित थकवणार नाही. दाखला मात्र उलटेच सांगतो.

कॅन्सस विद्यापीठातील बीच सेंटरने कुटुंबाचे जीवनमान मोजण्यासाठी 25 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. त्यात मुलाच्या बुद्धीबद्दल एकही प्रश्न नाही. घरातल्यांचे आपसांत कसे आहे, मुले वाढवण्याचे काम कसे चालले आहे, मनाला उसंत मिळते का, पैसा-औषध-प्रवास यांचे कसे होते, आणि दिव्यांगतेसाठी लागणारी मदत मिळते का, अशा पाच भागांत ती आहे. बौद्धिक दिव्यांगतेवर काम करणारी अमेरिकन संघटनाही कितीतरी वर्षे 'किती कमी आहे' याऐवजी 'कोणत्या कामात, किती वेळा, किती वेळ मदत लागते' असे मोजायला सांगते आहे. त्यासाठी तिने 2004 मध्ये स्वतंत्र मापनच काढले. इकडे मात्र अजून टक्क्यांवर गाडी अडली आहे.

घरी जाऊन शिकवण्याचे काम महागडे तज्ज्ञच करू शकतात, ही समजूतही संशोधनाने खोटी ठरवली आहे. अमेरिकेतल्या पोर्टेज या लहान गावात 1969 मध्ये सुरू झालेली पद्धत आठवड्यातून एका घरभेटीवर चालते: आईला एक कौशल्य दाखवायचे, आठवडाभर ती ते करून घेते, पुढच्या भेटीत तपासायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2 ते 9 वर्षे वयाच्या, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या प्रशिक्षणात 9 गटबैठका आणि 3 घरभेटी आहेत, आणि तज्ज्ञ नसलेल्या माणसाने शिकून ते घ्यावे अशीच त्याची रचना आहे. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. तिथेही काम केले ते प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी. आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहे, आशाताई आहे, समग्र शिक्षा अभियानात गृहाधारित शिक्षणासाठी तालुक्याला विशेष शिक्षक आहेत. माणसे आहेत, त्यांच्या हातात या कामाची पद्धत नाही आणि कामाच्या यादीत यासाठी वेळ धरलेला नाही.

पद्धत म्हणजे नेमके काय, ते एका साध्या कामावर दाखवतो. चड्डी घालणे. मोठ्या माणसाला ते एक काम वाटते, पण त्याच्या आठ पायऱ्या आहेत: बसणे, चड्डी पुढून धरणे, एक पाय घालणे, दुसरा घालणे, गुडघ्यापर्यंत ओढणे, उभे राहणे, मांडीपर्यंत ओढणे, कमरेपर्यंत ओढणे. शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून करायची. पहिल्या सात आईने कराव्यात आणि मांडीवर आणून सोडावे. वर ओढण्याचे काम मुलाचे. ओढली की लगेच शाबासकी. पाचपैकी चार वेळा, तेही ओळीने तीन दिवस, न सांगता जमले की आईने गुडघ्यावर सोडावे. असे मागे मागे सरकत यायचे. शेवटच्या पायरीपासून सुरू करण्याचे कारण असे की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते आणि शाबासकी त्याला मिळते. पहिल्या पायरीपासून सुरू केले तर चड्डीत पाय घालून मूल थांबते, बाकीचे आई करते, आणि पूर्ण होण्याचा आनंदही तिच्याच वाट्याला जातो. सुरुवातीला एक माप मोठी, इलॅस्टिकची चड्डी घ्यावी. नाडी किंवा बटण महिनाभर तरी नको. ज्याचा तोल जातो त्याला भिंतीला पाठ टेकवून बुटक्या पाटावर बसवावे.

मदत किती करायची याचाही क्रम आहे. आधी पाच सेकंद थांबायचे. ही पाच सेकंदे आईला फार लांब वाटतात, पण मुलाला सूचना डोक्यात उतरायला तेवढा वेळ लागतो. मग खूण. मग कोपराला हलका स्पर्श. त्याने भागले नाही तरच हातावर हात ठेवून करून घ्यायचे. तोंडी सूचना एकदाच आणि दरवेळी त्याच शब्दांत. 'घाल, घाल रे, घाल ना बाळा, बघ कशी पडली' असा पाऊस पाडला की मूल कामाऐवजी आवाजाची वाट बघायला शिकते आणि पुढे सांगितल्याशिवाय हलत नाही.

बिघडते कुठे, तेही ठरलेले आहे. सकाळी शाळेच्या घाईत शिकवायला घेतले की आईचा संयम तिसऱ्या मिनिटाला संपतो. म्हणून संध्याकाळच्या अंघोळीनंतरची वेळ धरावी. आई एका पद्धतीने आणि आजी दुसऱ्या पद्धतीने घालते. म्हणून घरभेटीला मुलाला कपडे घालणारे घरातले प्रत्येक माणूस समोर हवे. एकाच वेळी चार गोष्टी शिकवायला घेतल्या जातात; एका महिन्याला एक पुरे, फार तर दोन. नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे 'काही फरकच नाही' असे वाटून आठवड्यात सोडून देतात; कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात जमले तर उभी रेघ, नाही जमले तर शून्य, एवढे पुरते. सेविकेने भेटीत आधी त्या रेघा पाहाव्यात, उपदेश नंतर.

शौचाची सवय हा घराघरातला सर्वांत नाजूक विषय आहे आणि यावर बोलायला कोणी बसत नाही. आधी पाच ते सात दिवस दर अर्ध्या तासाने चड्डी ओली की कोरडी एवढेच लिहावे. त्यातून लघवीचे अंतर कळते, समजा दीड तास. मग त्याआधी दहा मिनिटे न्यावे, तीन ते पाच मिनिटे बसवावे, झाले तर लगेच कौतुक, नाही झाले तर न बोलता उठवावे. शी साधारण जेवणानंतर पाऊण तासाच्या आत होण्याचा संभव जास्त. पोटात अन्न गेले की आतडे हलते, त्याचा फायदा घ्यायचा. डाऊन सिंड्रोमच्या (गुणसूत्रांतला जन्मजात फरक) मुलांचे स्नायू सैल असतात. उकिडवे बसताना ती मागे कलंडतात आणि घाबरून पुन्हा बसायलाच तयार होत नाहीत. समोरच्या भिंतीला आडवा पाइप किंवा घट्ट बसवलेली दोरीची कडी लावली तर काम होते. ग्रामपंचायतीला हा खर्च जड नाही. आणि एक गोष्ट तपासल्याशिवाय यातले काहीच सुरू करू नये: बद्धकोष्ठता. पोटात शीचा खडा झालेल्या मुलाला त्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते. घरच्यांना जुलाब वाटतात, ते पाणी कमी करतात, भात वाढवतात, आणि खडा आणखी घट्ट होतो. आधी डॉक्टर, मग सवय.

वागण्याच्या अडचणींना वेगळी वही लागते. तीन रकाने: आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर घरच्यांनी काय केले. आठवडाभर लिहिल्यावर पुन्हा पुन्हा येणारे दिसू लागते. एकच कृती चार कारणांनी होऊ शकते. ताट फेकल्यावर सगळे धावून येतात म्हणून मूल ताट फेकते. नको असलेले जेवण टळते म्हणून फेकते. फेकल्यावर मोबाइल हातात देतात म्हणून फेकते. किंवा ताटाचा आवाजच आवडतो म्हणून फेकते. चौघांचे उपाय वेगळे आहेत. लक्ष हवे असलेल्याला ओरडणे म्हणजे बक्षीसच. जेवण टाळणाऱ्याला 'जा बाहेर' म्हणणे हेही बक्षीस. म्हणून सगळ्यांना एकच फटका हा उपाय चालत नाही, आणि चालला असे वाटले तरी चार दिवसांपुरता. चांगला उपाय म्हणजे त्याच कारणासाठी दुसरी, सोपी कृती शिकवणे: 'बस' म्हणायला तळहात पुढे करणे, हवी ती वस्तू दाखवायला चित्राचे कार्ड. कार्डासाठी बाजारचे काही लागत नाही. भाकरी, तांब्या, संडास, अंथरूण यांचे घरच्याच वस्तूंचे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावेत. परक्या चित्रातला ग्लास मुलाला ओळखू येत नाही, घरचा तांब्या येतो.

इथे पालकांना एक इशारा आधीच द्यायला हवा. फेकाफेकीला दाद द्यायची नाही असे ठरवले की पहिले काही दिवस ती वाढते. मूल आधीचा उपाय जास्त जोराने करून पाहते. नेमके त्याच वेळी घरचे माघार घेतात आणि मूल शिकते की आणखी जोरात केले की मिळते. ठरवायचे असेल तर सगळ्या घराने ठरवावे. घरात पाहुणे किंवा कानबाईचा उत्सव असेल त्या आठवड्यात सुरू करू नये. स्वतःला इजा करण्याच्या बाबतीत दुर्लक्षाचा प्रयोग घरच्या घरी अजिबात नको, तिथे तज्ज्ञच हवा. आणि शांत असलेले मूल अचानक मारायला, डोके आपटायला लागले तर वहीच्या आधी दात, कान, पोट आणि पाळी तपासा. बोलता न येणाऱ्याचे दुखणे असेच बाहेर पडते.

शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल दोन वाक्ये. काही वेळा त्या लागतात, पण वागण्याचे कारण न शोधता वर्षानुवर्षे चालू ठेवण्यासाठी त्या नाहीत. इंग्लंडच्या आरोग्यसेवेला यांचा अतिवापर थांबवण्यासाठी 2016 मध्ये खास मोहीम काढावी लागली. दर सहा महिन्यांनी 'ही गोळी अजून का?' असे डॉक्टरांना विचारायचा पालकांना हक्क आहे, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

फेफरे आणि हंगामी स्थलांतर या दोन गोष्टी आपल्या भागात एकत्र पाहाव्या लागतात. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींत साधारण पाचपैकी एकीला फेफऱ्याचा आजार असतो. दिवाळीनंतर सातपुड्यातल्या पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या गुजरातेत जातात, होळीला परततात. गोळी इथल्या ग्रामीण रुग्णालयातून चालू असते, ती वाटेत संपते. फेफऱ्याची गोळी अचानक तुटली की झटके पूर्वीपेक्षा जोराने आणि एकामागून एक येऊ शकतात. म्हणून टोळी निघण्यापूर्वी आशाताईने पुरेशा गोळ्या आणि एक कार्ड द्यावे: गोळीचे नाव, मात्रा, वेळ, वजन, शेवटचा झटका कधी. कार्ड मराठी आणि गुजराती दोन्हीत असले तर तिकडच्या दवाखान्यात वेळ वाचतो. झटका आल्यावर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ पाहा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, पाणी यांतले काहीही नको. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा शुद्ध न येता दुसरा आला तर 108 ला फोन. वयात आलेल्या मुलीला फेफऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी जरूर बोलावे, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक ठरू शकते.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉईड तपासणी दरवर्षी आणि कानांची तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. 'आता फार सुस्त झालाय' म्हणून जे सोडून दिले जाते ते अनेकदा थायरॉईड असते, आणि त्याची गोळी स्वस्त आहे.

मुलींच्या पाळीबद्दल अजूनही 'पिशवी काढून टाका' हा सल्ला कानावर येतो. 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद महिलांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा देशभर वादळ उठले होते. आता दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 10 नुसार, स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. पाळी सांभाळणे शिकवता येते, चड्डीसारख्याच पायऱ्यांनी: पाळी नसताना सराव, पॅडची जागा चड्डीवर रंगीत धाग्याने आखून, लाल रंगाच्या पाण्याचा ठिपका देऊन, वापरलेले कागदात गुंडाळून ठरलेल्या डब्यात. पाळी येण्याची वाट न पाहता दहाव्या-अकराव्या वर्षी सुरुवात करावी. पिशवी काढल्याने अत्याचाराचा धोका कमी होत नाही; घडलेला अत्याचार मात्र झाकला जातो. हे उघड बोलायला हवे.

अठरानंतरचा रस्ता आणखी ओसाड आहे. मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षे. त्यानंतर विशेष शाळेतून नाव कमी होते आणि मुलगा ओट्यावर बसतो. दोन-तीन वर्षांत शिकलेले पुसले जाते. नोकरीसंबंधीचे संशोधन असे सांगते की आधी वर्षानुवर्षे 'प्रशिक्षण' आणि मग काम, यापेक्षा प्रत्यक्ष कामाच्या जागी नेऊन, तिथेच सोबत उभे राहून शिकवणे आणि हळूहळू सोबत कमी करणे जास्त टिकते. मेणबत्त्या आणि पणत्या पुरे झाल्या. नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या पथारी आहेत, रावेर-यावलला केळीची प्रतवारी आणि भरणी आहे, कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रापासून दूरची कामे आहेत. एकच पायरी, तीच तीच, ठरलेल्या जागी: अशा कामात यांच्यातले कितीतरी जण पक्के होतात. मजुरी मात्र रोख आणि इतरांइतकी हवी. चहा-नाश्त्यावर राबवून घेण्याला मदत म्हणत नाहीत.

कायदेशीर पालकत्वाबाबत गोंधळ इतका आहे की थोडक्यात सांगतो. अठरा वर्षांपर्यंत आईवडील हेच नैसर्गिक पालक, कागद लागत नाही. अठरानंतर बँक, मालमत्ता किंवा कुटुंब निवृत्तिवेतनासाठी गरज पडली तर राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हे न सांगितल्याने पुष्कळ पालक नकळत कसूर करून बसतात. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरती आणि त्या व्यक्तीशी बोलून. ज्याला भाजी आणता येते, कपडे निवडता येतात, त्याचे सगळेच निर्णय काढून घेण्याची गरज नसते. याच न्यासाची 'निरामय' ही 1 लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही तिच्यात येतात. बिले मूळ आणि मुदतीत लागतात. नूतनीकरण विसरल्याने कार्ड बंद पडते, आणि ते कळते ते दवाखान्यात.

पैशाचे काय, असे विचारले जाईल. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. बहुतेक ठिकाणी तो वर्षअखेरीस डोई पाचशे-हजार वाटून संपवला जातो. ग्रामसभेत लेखी मागणी करावी: घरभेटी देणाऱ्या सेविकेचा प्रवास आणि मानधन, संडासातले आधाराचे पाइप, आणि महिन्यातून दोन दिवस आईला सुट्टी मिळावी म्हणून मुलाला सांभाळणाऱ्या गावातल्याच दोन शिकवलेल्या माणसांचे मानधन. या तिसऱ्या गोष्टीला परदेशात रीतसर सेवेचे रूप आहे. आपल्याकडे आई माहेरी आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेलाही) जाऊ शकत नाही, कारण मुलाला घरी सोडता येत नाही आणि नेले तर लोक बघतात. लहान गावाच्या ग्रामपंचायतीचे उत्पन्नच तुटपुंजे असते, हे मान्य. तिथे चार-पाच गावांनी मिळून एक माणूस ठेवावा.

जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे केंद्र) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुले पाठवतात. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा ठरलेली आहे. गळती पाठवण्यानंतर होते. धडगावहून नंदुरबारला जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि तिथे 'दर आठवड्याला आणा' सांगतात. दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा केंद्रात आणि मधले तीन आठवडे सेविकेची घरभेट असा मेळ घालता येईल. केंद्रातल्या थेरपिस्टने त्या भेटीचा कागद एक पानी, मोठ्या अक्षरात लिहून सेविकेला द्यावा: या महिन्यात शिकवायचे एक काम, त्याच्या पायऱ्या, कुठे थांबायचे.

शेवटची मागणी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे. प्रबंधासाठी पालकांकडून एकदाच प्रश्नावली भरून नेण्याचे प्रकार थांबवून एका तालुक्यात हे करून पाहावे. अर्ध्या गावांत घरभेटी आता सुरू कराव्यात, उरलेल्यांत सहा महिन्यांनी. कोणती गावे आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच घरांत तेच मोजावे: मूल स्वतः किती पायऱ्या करते, आठवड्यात किती वेळा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा झाली, आई सलग किती तास झोपते. मोजणारा आणि शिकवणारा एकच नसावा. ऊसतोडीला किंवा गुजरातेत गेलेली घरे हिशेबातून वगळू नयेत, ती परत आल्यावर मोजावीत, नाहीतर ज्यांना सर्वांत कमी मदत मिळते तीच कागदावरून गायब होतात. प्रश्न अहिराणी, पावरी, मावची आणि भिलीत आधी पालकांना वाचून दाखवावेत आणि जिथे ते अडतील तिथे त्यांच्याच शब्दांत बदलावेत. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात जायला हरकत नाही, पण त्याआधी ते त्या गावांच्या ग्रामसभेत सांगावेत.

आपले,
बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणारे विशेष शिक्षक व पालक
जळगाव, धुळे, नंदुरबार